कार्टूनचं खेळणं, पण टिकणारं: पुण्यातल्या नव्या आईबाबांसाठी

मूल तीन-साडेतीन वर्षांचं झालं की घरात एक नाव घुमायला लागतं. कुणाकडे छोटा भीम, कुणाकडे डोरेमॉन, कुणाकडे पेपा, कुणाकडे पॉ पेट्रोलमधला चेस. वाढदिवस जवळ आला की आजी, आत्या, मावशी फोनवर एकच विचारतात, "त्याला सध्या काय आवडतं गं?" आपण कार्टूनचं नाव सांगतो आणि त्या नावाचं जे पहिलं दिसेल ते घरी येतं. पंधरा दिवसांत त्याचा हात निखळतो, महिन्याभरात चाक जातं, आणि मुलाला समजावत बसायचं काम आपल्याकडे येतं.

आमच्या सोसायटीत खेळण्यांचं एक कपाट आहे. ज्यांची मुलं मोठी झाली ते तिथे खेळणी आणून ठेवतात, लहान मुलांचे आईबाबा ती घेऊन जातात आणि मन भरलं की परत आणतात. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे कुठलं खेळणं कितीतरी घरं फिरून धड परत येतं आणि कुठलं पहिल्याच घरी राम म्हणतं, हे मला रोज दिसतं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. कार्टूनचं खेळणं विकलं जातं ते तोंडावर आणि मोडतं ते सांध्यात. दुकानात मात्र आपण सगळे तोंडच बघत उभे असतो.

खरेदीला निघण्याआधी एवढं पिशवीत टाका:

- फोन, आणि त्यात भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) 'बीआयएस केअर' ॲप घरूनच उतरवून घेतलेलं. तुळशीबागेच्या आतल्या बोळात उभं राहून ॲप उतरवण्याचा खटाटोप नको.
- डबल ए आणि ट्रिपल ए मापाचे तीन-तीन नवे सेल.
- लहान स्टार स्क्रू ड्रायव्हर.
- पांढरा रुमाल आणि पाण्याची बाटली.
- मोजपट्टी किंवा शिंप्याची टेप.

मूल शक्यतो घरी ठेवा. मूल सोबत असलं की तपासणी होत नाही, फक्त वाटाघाटी होतात.

१. आधी मूल काय खेळतं ते बघा

ही पायरी दुकानाबाहेरची आहे आणि सगळेच ती गाळतात. कार्टून आवडणं आणि त्या कार्टूनचं खेळणं आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल तो कार्यक्रम बघून उठल्यावर पुढची दहा मिनिटं काय करतं, तेवढं दोन-चार दिवस बघा.

काही मुलांना ते पात्र व्हायचं असतं. भीम टुनटुन मौसीचे लाडू खातो आणि त्याला ताकद येते, म्हणून हे महाशय पोळीचा लाडू खाऊन सोफा ढकलायला जातात. अशा मुलाला भीमची प्लास्टिकची बाहुली दिली तर ती दोन दिवसांत कोपऱ्यात पडते, कारण भीम तो स्वतःच असतो. त्याला एक केशरी धोतर शिवून द्या आणि लाडूंसाठी स्टीलचा डबा द्या. तुळशीबागेतल्या भातुकलीच्या दुकानात मिळणारं एवढंएवढंसं पातेलं अशा खेळात वर्षानुवर्षं टिकतं.

काहींना गाडी चालवायची असते. पॉ पेट्रोल बघणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना कुत्र्यांपेक्षा त्यांच्या गाड्यांचं वेड असतं. काहींना पात्र कुशीत घेऊन झोपायचं असतं. आणि काहींना, साधारण पाच-सहा वर्षांनंतर, सगळी पात्रं जमवून ओळीत मांडायची असतात. यातलं आपलं मूल कुठलं, हे कळलं की निम्मी खरेदी बाद होते. कुशीत घेणाऱ्याला कडक प्लास्टिक नको, चालवणाऱ्याला शोभेची मूर्ती नको. उभी राहणारी, हात-पाय न हलणारी पात्रं फक्त जमवणाऱ्यांसाठी असतात.

इथेच दुसराही विचार करून ठेवा. कार्यक्रमाचं वेड बहुधा वर्षभरात उतरतं. तोंड पुसलं तरी खेळणं म्हणून उरेल अशी वस्तू घेतली तर ती पुढेही चालते. पेपाच्या घराचं पेपावाचूनही घर होतं. पण ज्या खेळण्यात बटण दाबलं की शीर्षकगीत वाजतं आणि बाकी काहीच होत नाही, त्याचं पुढच्या वर्षी काय करणार?

२. डब्यावरचं वय आणि घरातलं वय

डब्यावर ०-३ हे आकडे असलेलं आणि त्यावर काट मारलेलं लहान बाळाच्या चेहऱ्याचं चिन्ह दिसलं, तर ते खेळणं तीन वर्षांखालच्या मुलासाठी नाही. "आमचा हुशार आहे, त्याला जमेल" हा मुद्दाच इथे नसतो. हुशारीचा संबंध नाही, घशाच्या रुंदीचा आहे. तीन वर्षांखालच्यांच्या खेळण्यातला तुकडा घशात अडकेल का, हे प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात टाकून बघतात. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो बाद. तुम्ही मोजपट्टीने बघा. तीन-सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा लहान असं जे काही सुटं होऊ शकतं, म्हणजे भीमचा लाडू, डोरेमॉनची घंटा, गाडीचं चाक, ते धाकट्याच्या हाती लागता कामा नये.

घरात दोन मुलं असतील तर खेळणं मोठ्यासाठी घ्या, पण तपासणी धाकट्याच्या वयाने करा.

३. आयएसआय खूण: ती काय सांगते आणि काय सांगत नाही

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, मग माल इथला असो की बाहेरून आलेला. २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने हे झालं. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. खाली 'सीएम/एल' अशी अक्षरं आणि त्यापुढे परवान्याचे आकडे असतात.

ही खूण छापणं फार सोपं आहे, म्हणून नुसती बघून पुढे जाऊ नका. बीआयएस केअर ॲपमध्ये परवाना तपासायची सोय आहे. तिथे सीएम/एल नंतरचे आकडे टाकले की कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. डब्यावरचं उत्पादकाचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं पाहिजे. ॲपमध्ये तिसऱ्याच कुणाचं तरी नाव किंवा बंद पडलेला परवाना दिसला तर डबा हळूच जागेवर ठेवून द्या. भांडायची गरज नाही, तक्रारीची सोय त्याच ॲपमध्ये आहे.

एक सापळा: डब्यावर मोठ्या अक्षरांत 'सीई' लिहिलेलं असतं आणि दुकानदार "इंटरनॅशनल मार्क आहे ताई" म्हणून ते दाखवतो. ती युरोपातली खूण आहे. इथे ती आयएसआयच्या जागी चालत नाही.

अपवाद आहेत. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांची आणि भौगोलिक मानांकन असलेली खेळणी, उदाहरणार्थ चन्नपट्टणची लाकडी, या सक्तीतून वगळली आहेत. तिथे खूण नसली तरी चालतं. प्लास्टिकच्या चेसला ही सवलत नाही.

आता महत्त्वाचं. आयएसआय खूण म्हणजे खेळणं सुरक्षित असल्याची हमी, टिकाऊ असल्याची नव्हे. मानकाच्या चाचण्यांत खेळणं पाडतात, ओढतात, पिळतात, पण बघतात ते एवढंच की मोडल्यावर धारदार कड किंवा घशात अडकणारा तुकडा तयार होतो का. निरुपद्रवीपणे मोडणारं खेळणंही पास होतं. म्हणून खूण ही पहिली चाळणी. टिकाऊपणा तुमचा तुम्हालाच बघावा लागतो, तो पाचव्या पायरीत.

४. अस्सल की नक्कल

कार्टूनच्या पात्रावर कुणाचा तरी हक्क असतो आणि अस्सल खेळण्यावर त्या हक्कदाराचं नाव बारीक अक्षरांत छापलेलं असतं. छोटा भीम हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचा, पॉ पेट्रोल कॅनडाच्या स्पिन मास्टरचं, थॉमसची आगगाडी मॅटेलची, पेपा आता हॅस्ब्रोकडे आहे. डब्याच्या मागच्या बाजूला ही ओळच नसेल तर माल नकली समजा.

डब्याशिवाय सुटा माल असेल तर पात्राकडे चिकित्सकपणे बघा. नक्कल करणारे रंगात आणि नावात घसरतात. पोलिसाच्या निळ्या वेषातल्या चेसच्या डोक्यावर मार्शलची लाल अग्निशामक टोपी असते. पेपाचा झगा लाल हवा तिथे जांभळा असतो. डोरेमॉनला कान नसतात, ते उंदराने खाल्लेले आहेत. तरी कान असलेला डोरेमॉन मी बाजारात बघितला आहे. मुलांना या चुका आपल्या आधी दिसतात आणि मग ते खेळणं 'खोटा चेस' म्हणून कायमचं बदनाम होतं.

नकली वस्तू स्वस्त असते हे खरं, पण अस्सल असली म्हणजे मजबूत असेलच असंही नाही. अस्सल खेळण्याच्या किमतीतला एक भाग नाव वापरण्याच्या हक्कापोटी जातो. म्हणजे तेवढ्याच पैशांत बिननावाची गाडी अनेकदा जास्त दणकट मिळते. त्यामुळे गाडीवेड्या मुलासाठी मी हे सुचवते: जाड प्लास्टिकचा, उघड्या टपाचा साधा ट्रक घ्या आणि त्यात बसेल असं एकच अस्सल, लहान पात्र घ्या. ट्रक कार्टूनमधला नाही हे मूल दोन मिनिटांत विसरतं, कारण चालवणारा चेस खरा असतो. पात्राची उंची आणि ट्रकची बैठक मात्र टेपने मोजून घ्या.

५. सांधा, चाक, जोड: दुकानात खेळणं कसं तपासायचं

दुकानदाराला सरळ विचारा, "दादा, डिस्प्लेचा पीस आहे का? जरा हाताळून बघते." बहुतेक जण देतात. "पॅकिंग उघडलं की माल विकता येत नाही" असं उत्तर आलं तर तेही रास्त आहे. अशा वेळी खिडकीच्या डब्यातलं, निदान सगळ्या बाजूंनी दिसेल असं खेळणं मागा.

*उलटं करा.* सगळ्यात आधी तळ बघा. तळाला स्क्रू दिसले तर उत्तम. म्हणजे ते उघडता येतं, आतली निघालेली तार जोडता येते, दोरा अडकला तर काढता येतो. दोन अर्धुकं गोंदाने किंवा उष्णतेने चिकटवलेली असतील तर एकदा फट पडली की विषय संपला. माझ्याकडच्या कपाटात सगळ्यात जास्त वर्षं राहिलेली खेळणी एकजात स्क्रूची आहेत.

*हात-पाय.* खांद्याचा सांधा हळू फिरवा. जिथे हात धडात शिरतो ती खुंटी पेन्सिलपेक्षा बारीक असेल तर ती जाणार. वाकवताना प्लास्टिकवर पांढरट रेघ उमटली तर आतून ते ताणलं गेलंय आणि तिथूनच तडा जाईल. आणि एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते: ओढल्यावर हात निखळून हातात आला आणि दाबल्यावर पुन्हा 'टक्' करून बसला, तर ते खेळणं चांगलं. जोर आला की निखळतं म्हणून ते तुटत नाही. तीन वर्षांखालच्यांसाठी मात्र असं निखळणारं काहीच नको.

*चाकं.* गाडी टेबलावर ठेवून वरून तळहाताने जोरात दाबा आणि पुढे-मागे चालवा. मुलं गाडी अशीच चालवतात, अंगाचा सगळा भार टाकून. चाकं फाकली किंवा गाडीच्या अंगाला घासली तर नको. खालून बघा, दोन्ही चाकांमधून आरपार धातूची सळई गेली असेल तर ती गाडी टिकते. प्रत्येक चाक स्वतंत्र प्लास्टिकच्या खुंटीवर बसवलं असेल तर पहिली खुंटी सोफ्यावरून पडल्यावर जाते.

मागे ओढून सोडायच्या गाड्या दिसायला भारी असतात, पण आतले दाते प्लास्टिकचे असतात. मूल ती गाडी ओढून सोडण्याऐवजी दाबून पुढे रेटतं, दाते झिजतात, आणि मग ती ना ओढून पळते ना नीट ढकलली जाते. ढकलल्यावर 'घर्रर्र' करत पळणाऱ्या वजनदार चक्रीच्या गाड्या त्या मानाने सोशिक. आणि यंत्रच नसलेली, नुसती मोकळ्या चाकांची गाडी सगळ्यात सोशिक. धातूच्या ओतीव लहान गाड्यांचा रंग उडतो, दारं मोडतात, पण अंग काही केल्या मोडत नाही. फक्त ती गाडी टीव्हीच्या दिशेने फेकली जाणार नाही याची हमी तुमची तुम्ही घ्या.

*उघडणारं, उडणारं.* दार, शिडी, क्रेनचा हात, गोळी उडवणारी स्प्रिंग. डब्यावरच्या चित्रात हेच सगळं मोठं करून दाखवतात आणि मोडतंही हेच. आधी काय तुटेल आणि ते तुटल्यावर काय उरेल, हा प्रश्न स्वतःला विचारा. शिडी तुटलेली मार्शलची अग्निशामक गाडी तरीही गाडी राहते. पण ज्याचा एकच पराक्रम म्हणजे गोळी उडवणं, ते खेळणं स्प्रिंगबरोबर जातं.

*प्लास्टिक.* नखाने टिचकी मारा. बद्द, भरीव आवाज आला आणि पृष्ठभाग कडक, किंचित चकचकीत असेल तर ते बहुधा एबीएस नावाचं चिवट प्लास्टिक आहे, चांगलं. टणटणीत, काचेसारखा आवाज आला तर ते ठिसूळ पॉलिस्टायरिन असू शकतं. ते वाकत नाही, थेट तडकतं आणि तुकड्यांना धार असते. पारदर्शक काचा, दिव्यांची झाकणं बऱ्याचदा याचीच असतात. मऊ व्हायनिलची पात्रं पडून फुटत नाहीत, पण उन्हाने चिकट होतात. डबा उघडल्याबरोबर डोकं चढेल असा वास आला तर परत करा.

*रंग.* रुमाल ओला करून डोळ्यांवर आणि तोंडावर घासा. रुमालाला रंग लागला तर नको. चेहरा स्टिकरचा असेल तर त्याची कड नखाने उचलून बघा. उचलली गेली तर आठवड्याभरात तुमच्या घरी आंधळा डोरेमॉन असेल.

६. कापडी पात्रं

कपाटातली सगळ्यात कमी तक्रारीची जमात हीच. डोळे प्लास्टिकचे बटण नसून भरतकामाचे असावेत. काखेत, मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी शिवण दोन्ही अंगठ्यांनी फाकवून बघा, टाक्यांमधून आतला कापूस दिसता कामा नये. दाबून सोडल्यावर अंग पुन्हा फुगलं पाहिजे. आत दाणे भरल्यासारखं लागलं तर लहान मुलासाठी घेऊ नका. शिवण उसवली की दाणे घरभर, आणि तोंडातही.

लेबलवर 'धुता येईल' असं लिहिलंय का तेवढं वाचाच. धुताना उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधायचं, थंड पाणी आणि हलकी फेरी. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये मात्र धुऊ नका. वरून सुकलेलं दिसतं, आत ओल राहते आणि चार दिवसांत कुबट वास येतो. मे महिन्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या आवराआवरीत एकदा, एवढं पुरतं.

७. सेलवर चालणारं घ्यायचंच असेल तर

झाकणाला स्क्रू हवा, नुसती खिट्टी चालणार नाही. चपटा, नाण्यासारखा सेल लागत असेल तर लहान मूल असलेल्या घरात मी ते खेळणं घेऊच नका म्हणेन. लिथियमचा असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर २ तासांतसुद्धा आतून गंभीर भाजतं. संशय जरी आला तरी घरगुती उपाय न करता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं.

सोबत आणलेले सेल घालून दुकानातच चालवून बघा. आवाजाचं खेळणं स्वतःच्या कानाजवळ धरा. तुम्हाला नको झालं तर मुलालाही नको. आवाज बंद करायचं बटण आहे का, हे बघितल्याबद्दल तुमच्या घरातले ज्येष्ठ तुम्हाला दुवा देतील. सेल काढून टाकल्यावरही त्याच्याशी खेळता येतं का, ही शेवटची कसोटी, कारण बहुतेक घरांत दुसऱ्यांदा सेल घातलेच जात नाहीत.

थॉमससारखी रुळांवरची गाडी घेताना वेगळा सापळा असतो. एकाच कार्यक्रमाची लाकडी मालिका वेगळी, सेलवरची प्लास्टिकची वेगळी, आणि एकीची गाडी दुसरीच्या रुळावर चालत नाही. मामाने एक आणली, काकाने दुसरी आणली, की दोन्ही अर्धवट. भेट देणाऱ्यांना कार्टूनचं नाव कळवण्यापेक्षा डब्याचा फोटो पाठवा.

८. पुण्यात कुठे जायचं

तुळशीबाग आणि मंडईचा परिसर: निवड भरपूर, हाताळून बघता येतं, घासाघीस चालते. नकली मालही इथेच सगळ्यात जास्त भेटतो, तेव्हा तिसरी आणि चौथी पायरी इथे विसरू नका. लाकडी आणि धातूची भातुकली घ्यायची तर दुसरीकडे जाऊच नका. गाडी आणू नका, मंडईचं मेट्रो स्टेशन झाल्यापासून तिची गरजही उरलेली नाही. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, कुणालाही तुम्हाला काही उघडून दाखवायला वेळ नसतो.

रविवार पेठ, बोहरी आळी: घाऊक बाजार. वाढदिवसाला पाहुण्या मुलांना द्यायच्या वस्तू इथून घ्या. एकच टिकाऊ वस्तू हवी असेल तर इथली पायपीट परवडत नाही.

मॉलमधली मोठी दुकानं आणि कॅम्पातली जुनी खेळण्यांची दुकानं: अस्सल माल, बिल, डिस्प्लेचे पीस. भाव छापील. मी एक शिफारस करते: इथे येऊन हाताळून घ्या, आणि आवडलं तर इथूनच घ्या. हाताळायचं इथे आणि मागवायचं ऑनलाइन, हे मला बरं वाटत नाही.

ऑनलाइन: पाच ताऱ्यांचे अभिप्राय डबा उघडतानाचे असतात, त्यांचा उपयोग नाही. एक-दोन ताऱ्यांचे, फोटोसकट असलेले वाचा. तीन जणांची एकाच जागी मोडलेली चाकं दिसली की कळतं. पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या.

दर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात दणकट जुन्या गाड्या नशिबाने मिळतात, पण त्यांचा रंग कोणता आणि कधीचा हे कळत नाही. तोंडात घालायच्या वयाच्या मुलासाठी तिथून घेऊ नका. जुनं हवंच असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर विचारा.

९. बिल, आणि भिंतीवरची पाटी

जपून ठेवायचे कागद: बिल, डब्यावरच्या छापील माहितीचा फोटो आणि असलं तर हमीपत्र. डब्यावर कमाल किंमत, उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, ग्राहक संपर्क आणि आयात मालावर मूळ देश हे छापलेलं असायलाच हवं.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी बघून बरेच नवे लोक गप्प बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. बिल न देणंही त्याच यादीत आहे. मुलाने आपटून मोडलेलं यात बसत नाही, पण घरी येऊन डबा उघडल्यावर चाकच फिरत नसेल तर नक्की बसतं. आधी नीट बोला, काम बहुतेक वेळा तिथेच होतं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

१०. घरी आणल्यावर

डब्यातल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, पिना, पारदर्शक दोरे मुलासमोर न उघडता आधी काढून फेका. सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या, कारखान्यातून ते सैलच येतात. सेलची खेळणी पावसाळ्यात वापरात नसतील तर सेल बाहेर काढा. ओलसर हवेत गळलेले सेल आतल्या पत्र्याच्या पट्ट्या खातात. हिरवट-पांढरा थर आला असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, कोरडं करा, अनेकदा खेळणं पुन्हा बोलायला लागतं. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नका. बाल्कनीत किंवा एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत प्लास्टिकची खेळणी ठेवू नका, व्हायनिलचा भीम तिथे कायमचा वाकतो.

मोडलंच, तर काय मोडलंय ते बघून ठरवा. कडक प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा फेविक्विकने बसतो. मेणचट लागणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनला फेविक्विक धरत नाही, तिथे वेळ घालवू नका. भार येणारा सांधा नुसत्या गोंदावर टिकत नाही, आत बारीक स्क्रू घालून वरून एम-सील भरा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला चिकटवलेला तुकडा मात्र नको, ते सरळ बाजूला काढा. मोटर जळली, स्विच गेला, सेलची स्प्रिंग गंजली तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सुट्या भागांच्या दुकानांत, जुना भाग हातात घेऊन जा. "याच मापाची द्या" एवढं म्हटलं तरी पुरतं, व्होल्टचे आकडे पाठ करायची गरज नाही.

पुढे कुणाला द्यायचं असेल तर सेल काढा, सुटे भाग आणि काढलेले स्क्रू एका लहान पिशवीत घालून ती पिशवी खेळण्यालाच चिकटपट्टीने बांधा, आणि कुठला भाग हरवलाय ते चिठ्ठीवर लिहा. आमच्या कपाटात चिठ्ठीशिवाय आलेलं खेळणं मी हल्ली ठेवून घेत नाही.